खंजेरीचा धनी

माझ्या धाकट्या काकांच्या पदवीपत्रावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव छापलेले आहे. नागपूर विद्यापीठाला हे नाव २००५ साली मिळाले आणि काका २००८ साली बी. ए. झाले. माझ्या पदवीपत्रावर ते असणार नाही. कारण २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळे निघाले. याचा मला खेद नाही. गोंडवाना हे नावही आमचेच आहे, किंबहुना अधिक जुने आहे. सांगायचे ते एवढेच की, आमच्या पिढीच्या मुलाला तुकडोजी महाराज भेटतात ते असे: विद्यापीठाच्या नावात, ग्रामपंचायतीच्या तसबिरीत, चौकाच्या पाटीवर आणि जयंतीच्या भाषणात. गाणारे तुकडोजी महाराज मात्र भेटत नाहीत. वास्तविक ते आधी गाणारे होते. बाकीचे सारे नंतर.

मला ते गाणारे महाराज भेटले दूरचित्रवाणीमुळे, आणि तेही आडवाटेने. एका मराठी वाहिनीवर गाण्याची स्पर्धा चालू होती. एका मुलाने महाराजांचे ते झोपडीतले सुख सांगणारे भजन म्हटले. गळा गोड होता यात शंका नाही. मागे गिटार होती, विजेवरचे पेटीवाद्य होते, पायाखाली रंग बदलणारी फरशी होती आणि अंगात जरीचा कुडता होता. परीक्षक उभे राहिले, टाळ्या झाल्या. सूरजागडच्या डोंगराखालच्या आमच्या घरात आजी मोहफुलांची टोपली पुढ्यात घेऊन निवडत बसली होती. तिने मान वर केली, भजन संपेपर्यंत ऐकले आणि म्हणाली की पोरगा गातो चांगला, पण महाराज असे गात नसत. कडवे संपताना त्यांची थाप खंजेरीवर पडे आणि ती पडली की माणूस बसल्या जागी ताठ होई.

आजीचे माहेर चिमूरचे. आजोबा वनखात्यात होते. त्यांची बदली एटापल्लीकडे झाली तशी ती इकडे आली आणि इकडचीच झाली. १९६८ च्या आधी, म्हणजे लग्नापूर्वी, तिने महाराजांना प्रत्यक्ष ऐकले आहे. इतकी वर्षे ही गोष्ट आमच्या घरात होती आणि आम्ही कोणी विचारली नव्हती म्हणून तिने सांगितली नव्हती. पुढे आमच्या मराठीच्या सरांनी मला महाराजांच्या स्वतःच्या आवाजातील एक जुने ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकवले. तो आवाज गोड नाही. तो खडा आहे, उंच पट्टीतला आहे, उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचावा म्हणून लावलेला आहे. तो ऐकल्यावर मी त्यांचे चरित्र मिळेल तेथून वाचून काढले. त्यातले जे मला महत्त्वाचे वाटले ते येथे सांगतो.

महाराजांचे मूळ नाव माणिक. आडनाव इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. वडील बंडोजी शिंपीकाम करीत, आई मंजुळाबाई. घरात विठ्ठलभक्ती होती आणि दारिद्र्यही होते. शाळा प्राथमिकच्या पलीकडे गेली नाही. वरखेडचे अडकोजी महाराज हे या मुलाचे गुरू. मुलगा भजने म्हणे आणि मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यावर राही, म्हणून अडकोजींनी त्याला तुकड्या म्हटले अशी कथा सांगतात. आपल्याकडे चांगले नाव मिळाले की माणूस पहिले गरिबीचे नाव टाकून देतो. यांनी उलट केले. माणिक हे रत्नाचे नाव गेले आणि तुकड्या हे राहिले. पुढे हजारो भजनांच्या शेवटी त्यांनी तीच मुद्रा घातली, तुकड्यादास.

१९२१ साली अडकोजी महाराज गेले. तेव्हा माणिक बारा वर्षांचा होता. नंतर काही वर्षांनी तो घर सोडून रानात गेला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा ही त्या रानांची नावे. त्यातली रामदिघी आणि गोंदोडा ही दोन्ही ठिकाणे चिमूरकडची, ताडोबाच्या बाजूची. म्हणजे वऱ्हाडात जन्मलेला हा मुलगा खरा घडला तो आपल्या जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, त्याआधी रामदिघी आणि सूरजागड ही एकाच जिल्ह्याची दोन टोके होती.) चरित्रकार या काळाबद्दल तप, साक्षात्कार, वाघाची भेट असे पुष्कळ लिहितात. मला त्यात फार गती नाही. माझा तर्क साधा आहे. रानात मूल एकटे राहिले की ते मोठ्याने गाऊ लागते. आमच्याकडे गुरे राखणारी पोरे आजही गातात. उघड्यावर गाण्याचा तो आवाज महाराजांना तेथेच लागला असावा.

आता खंजेरीविषयी. आमच्या वर्गातल्या काही मित्रांनी ती फक्त चित्रात पाहिली आहे म्हणून सांगतो. लाकडाचे एक गोल कडे असते, त्याच्या एका तोंडावर कातडे मढवलेले असते आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवलेल्या असतात. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पेटीला भाता लागतो, तबल्याला बैठक लागते, मृदंगाला खांदा लागतो. खंजेरी झोळीत मावते. बंडीत बसून वाजवता येते, चालता चालता वाजवता येते. तिचा एकच मोठा दोष म्हणजे पावसाळ्यात कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग भजनाआधी ती चुलीजवळ धरून शेकावी लागते. आजी सांगते, तिच्या लहानपणी पावसाळ्यात भजनाच्या रात्री पहिले काम शेकोटी पेटवण्याचे असे. बायाबापड्या जमत, मुले खंजेऱ्या शेकत बसत आणि कोणाची टणटणीत वाजते याची पैज लागे. देवाच्या नावाआधी असा अर्धा तास हसण्याखिदळण्यात जाई.

महाराजांच्या गाण्याची ताकद पहिल्यांदा सगळ्या विदर्भाला कळली ती १९३५ साली. सालबर्डीच्या डोंगरावर त्यांनी मोठा यज्ञ केला, त्याला तीन लाखांवर माणसे आली असे सांगतात. त्याच साली अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले व महाराज तेथे सुमारे महिनाभर राहिले. यज्ञ करणारा साधू सेवाग्रामला जाऊन आला आणि त्याच्या भजनांत झाडू, चरखा, गावची विहीर, अस्पृश्यता हे विषय आले. हा बदल सांगायला एक वाक्य पुरते. पण तो ज्या माणसात झाला त्याचे वय सत्तावीस होते, आणि तीन लाख लोक आपल्या यज्ञाला येतात हे त्याने नुकतेच पाहिले होते. अशा वेळी माणसे मठ बांधतात. यांनी भजनाचा विषय बदलला.

आणि मग १९४२.

त्या पावसाळ्यात महाराजांची भजने चिमूरला चालू होती. ९ ऑगस्टला गांधीजींना आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाल्याची बातमी तेथपर्यंत पोचली. महाराजांचे एक हिंदी भजन त्या दिवसांत लोकांच्या तोंडी होते; त्यात दगडांचे बॉम्ब होतील आणि भक्तांचे सैन्य होईल अशी कल्पना आहे. त्याच्या ओळी मी येथे देत नाही. विदर्भातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारावे, तो म्हणून दाखवील. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. चिमुरात मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मेला. मग जमाव बेभान झाला. सरकारी इमारती जळाल्या आणि सरकारी अधिकारी मारले गेले. पुढे गोऱ्या सैनिकांची फौज आली. तिने गावातले पुरुष धरून नेले, घरे लुटली आणि बायकांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. पुढे लोकांनी मोठी चळवळ केली तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे प्राण वाचले.

आजीची आई तेव्हा चिमुरात लहान मुलगी होती. तिच्याकडून आजीकडे आलेली आठवण फार छोटी आहे. फौज आली तेव्हा घरातल्या बायका मागच्या दाराने शेतात पळाल्या आणि पावसात भिजत ज्वारीच्या धांड्यांत बसून राहिल्या. पोरांनी रडू नये म्हणून एकीने भजन गुणगुणायला सुरुवात केली, तर दुसरीने तिच्या तोंडावर हात दाबला. ते भजन महाराजांचे होते. दोन आठवड्यांपूर्वी जे गाव सगळे मिळून मोठ्याने गात होते, त्याला ते आता तोंडातल्या तोंडातही म्हणता येईना. चिमूरवरच्या लेखांत आणि भाषणांत मला पुष्कळ काही वाचायला मिळाले, पण या हाताएवढे काही मिळाले नाही.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूरला महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले आणि डिसेंबरात सोडले. सुमारे शंभर दिवस. त्यांनी बंदूक धरली नव्हती की कोठे आग लावली नव्हती. गाणे हाच गुन्हा. येथे एक प्रश्न मात्र मनात येतो आणि तो टाळू नये असे मला वाटते. भजनाने लोक पेटले. पेटलेल्या लोकांनी माणसे मारली. मेलेल्यांत गावचा मुलगा होता तसे नोकरीसाठी आलेले देशी अधिकारीही होते. गाणाऱ्याची यात जबाबदारी किती? महाराजांचे भक्त हा प्रश्न विचारू देत नाहीत. मला वाटते, महाराजांनी स्वतः तो विचारला असावा. कारण तुरुंगातून सुटल्यावर त्यांचा सगळा जोर दिसतो तो शिस्तीवर. गावोगावी श्रीगुरुदेव सेवामंडळे निघाली. सामुदायिक प्रार्थना आली. पांढरे कपडे, भगवी टोपी, ओळीत बसणे, ठरलेली वेळ. समोर मूर्ती नाही, नुसते रिकामे आसन. हजार माणसे एकदम उठतात, एकदम बसतात. जो जमाव चिमुरात हाताबाहेर गेला, त्याला ओळीत बसायला शिकवण्यात या माणसाने पुढची पंचवीस वर्षे घालवली. हा माझा कयास आहे. कोणी जाणकार प्राध्यापक तो खोडून काढतील तर मी ऐकेन.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, ती थोडक्यात आटोपतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि तेथेही खंजेरी घेऊनच गेले. १९५६ साली भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. चीनच्या आणि पाकिस्तानच्या युद्धांत सरहद्दीवर जाऊन जवानांपुढे भजने म्हटली. या साऱ्यात मला मोठी वाटते ती ग्रामगीता. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या, आणि अर्पण केली आहे ग्रामदेवतेला. तिच्यात गावची सफाई आहे, गोठा आहे, लग्नातला खर्च आहे, स्त्रियांची उन्नती आहे, यात्रा आणि मेळे आहेत आणि भजनाचा प्रभाव यावर एक सबंध अध्याय आहे. परीक्षेला नेमलेले पुस्तक म्हणून ती वाचली की कंटाळा येतो हे खरे. कोणी चालीवर म्हणून दाखवली की ती गावातल्या शहाण्या म्हाताऱ्याने ओसरीवर बसून सांगावी तशी वाटते.

दारू आणि देवापुढचा बळी या दोन गोष्टींवर महाराजांनी आयुष्यभर कोरडे ओढले. आमच्या भागात हा विषय नाजूक आहे. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत तेथे जत्रा भरते आणि सत्तर गावांचे माडिया लोक ढोल घेऊन येतात. देवाला मोहाचा थेंब वाहिल्याशिवाय पूजा होत नाही. माझा एक माडिया मित्र विचारतो की, तुमचे महाराज आमच्या ठाकूरदेवाला नापास करणार काय? काही उत्साही माणसे खेड्यांत येऊन सांगतातही की ढोल सोडा, रेला सोडा, टोपी घाला आणि खंजेरी घ्या. मला हे पटत नाही. महाराजांचा रोष होता तो घरचे धान्य विकून गुत्त्यावर बसणाऱ्यावर, त्याच्या बायकापोरांच्या उपाशी पोटाकडे पाहून. १९९३ पासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती मागण्यात गावच्या बाया पुढे होत्या. त्यांना महाराजांचे म्हणणे बरोबर कळले होते. पण जंगलात एकट्याने गात वाढलेला माणूस दुसऱ्याच्या रानातले गाणे बंद करा असे म्हणेल, हे माझ्या मनाला येत नाही. आज त्या डोंगरातून लोहखनिज निघते. ट्रक दिवसरात्र धावतात. आता ढोल ऐकू यायचा तर जवळ जावे लागते, आणि खंजेरीचे तर नावच नको. खंजेरी आणि ढोल यांचे भांडण लावण्याइतकी शांतता आमच्याकडे शिल्लक राहिलेली नाही.

महाराजांना कर्करोग झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांचे निधन झाले. वय एकोणसाठ. दरवर्षी त्या तिथीला त्या मिनिटाला मोझरीत आणि गावोगावी लाखो माणसे आहेत तेथे स्तब्ध उभी राहतात. गाणाऱ्या माणसाला मौनाने आदरांजली वाहायची, ही कल्पना मला आधी विचित्र वाटली होती. आमच्या गावात आता मंडळाची सात-आठ म्हातारी माणसे आहेत. गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर उभा राहिलो. ट्रक थांबले नाहीत, ते कशाला थांबतील? मौन संपले तसे एका आजोबांनी भजनाला सुरुवात केली, आणि तेव्हा लक्षात आले की साथीला कोणाच्याच हातात खंजेरी नव्हती. ते मांडीवर थाप देत होते.

आजोबांची खंजेरी आमच्या घरी आढ्याला होती. कडे शाबूत, चकत्या दोन कमी, कातडे मधोमध फाटलेले. एटापल्लीत, आलापल्लीत विचारले. मढवून देणारा कोणी सापडला नाही. बाजारात प्लास्टिकच्या पडद्याची मिळते, ती आजीला नको होती. शेवटी माझ्या त्या माडिया मित्राने आपल्या गावच्या ढोल मढवणाऱ्या म्हाताऱ्याकडे ती नेली. त्याने शेळीचे कातडे भिजवून ताणले, कड्याला घट्ट बसवले, दोन दिवस सावलीत ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. परत देताना त्याने आजीला विचारले की या एवढ्याशा ढोलावर म्हणायचे काय. आजीने झोपडीचे भजन म्हणून दाखवले. म्हाताऱ्याला मराठी थोडेच कळते. मित्राने त्याला माडियात अर्थ सांगितला की राजाला वाड्यात मिळणारे सुख या झोपडीत आहे, येथे कोणालाही येता येते, पहारेकरी नाही. म्हातारा बराच वेळ हसत राहिला आणि म्हणाला की असे गाणे करणारा माणूस आमच्यातलाच असला पाहिजे.

आजीच्या मते आवाज जरा जड आला आहे, ढोलाच्या हाताचे कातडे आहे ते. मी रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसून थाप शिकतो आहे. साधी थाप जमते. कडव्याच्या शेवटची अजून जमत नाही. कातडे नवे आहे. पहिल्या पावसात ते कसे राहते ते पाहायचे.